ब्राह्मणपाऱ्यातील भातुकली

बँकेच्या नोकरीत बदली ही अपरिहार्य गोष्ट. आदेश हाती पडला की अधिकारी आधी नव्या शाखेची माहिती काढतो, मग भाड्याचे घर शोधतो, मग मुलांची शाळा. सामानाच्या पेट्या बांधायला लागल्यावर केव्हातरी त्याच्या ध्यानात येते की आपल्याबरोबर आणखी एका व्यक्तीची बदली होत आहे; तिला आदेशाची प्रत मिळालेली नाही, विनंतीअर्ज करण्याची सोय नाही आणि रुजू होण्यासाठी जादा दिवसही नाहीत. २०२४ च्या जून महिन्यात माझी बदली नागपूरहून रायपूरला झाली, तेव्हा आमची कन्या चार वर्षांची होती. त्याच महिन्याच्या ११ तारखेला संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केलेला पहिला आंतरराष्ट्रीय क्रीडन दिवस, म्हणजे मुलांच्या खेळण्याचा दिवस, जगभर साजरा झाला. आमच्या घरी त्या दिवशी खेळण्यांची पेटी दोरीने आवळून बांधली जात होती.

नागपूर आणि रायपूर यांत रेल्वेने अंतर सुमारे ३०० किलोमीटरचे. मुंबई-हावडा मार्गावरची कुठलीही गाडी पाच-सहा तासांत नेऊन सोडते. मात्र त्या पाच-सहा तासांत भाषा बदलते, आणि चार वर्षांच्या जिवाला हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

आम्हाला घर मिळाले ते ब्राह्मणपाऱ्यात. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे वस्ती, मोहल्ला. ही रायपूरची जुनी वस्ती. अरुंद गल्ल्या, एकमेकींना टेकलेली घरे, ओट्यावर बसलेली माणसे. लगतच कंकालीपारा आणि तात्यापारा. ‘तात्यापारा’ हे नाव ऐकून मराठी माणूस थबकतो, आणि थबकण्यास कारणही आहे. १७४१ साली भास्करपंतांच्या फौजेने रतनपूर घेतले, तेव्हापासून १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगढ या ना त्या प्रकारे नागपूरकर भोसल्यांशी जोडलेले होते. त्या काळापासून मराठी कुटुंबे इथे आहेत. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचे आहे.

परंतु आमच्या कन्येला या इतिहासाचा काय उपयोग? नागपूरला दिवसभर अखंड बडबड करणारी ही मुलगी रायपूरला आल्यावर हळूहळू गप्प होत गेली. शाळेत बाई इंग्रजी बोलत, मुले हिंदी बोलत आणि गल्लीत खेळणारी मुले छत्तीसगढी. तिच्याजवळ होती ती फक्त मराठी. तीन आठवड्यांनी शाळेच्या दैनंदिनीत सूचना आली की मुलगी वर्गात बोलत नाही. घरी मराठीऐवजी हिंदी किंवा इंग्रजी बोलण्याचा सराव ठेवावा.

आम्ही सुशिक्षित आणि आज्ञाधारक आईवडील. सूचनेची अंमलबजावणी करणे हा तर बँकेतील माणसाचा स्वभावच. दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरात हिंदी सुरू केली. जेवताना हिंदी, आंघोळीला हिंदी, झोपवताना हिंदी. पंधरा दिवसांनी परिणाम दिसला: कन्या घरीही बोलेनाशी झाली. हवे असलेल्या वस्तूकडे बोट दाखवायची आणि नाही मिळाली तर रडायचीही नाही. ते न रडणे पाहून पत्नीने वर्ध्याला माझ्या आईला दूरध्वनी केला.

आई आली ती तीन महिने राहण्याच्या बेताने. आल्याबरोबर तिने आमचा हिंदीचा उपक्रम बंद केला. दुपारी कामे आटोपली की नातीला घेऊन ती ओट्यावर बसू लागली आणि गोष्टी सांगू लागली. चिमणीचे मेणाचे घर, कावळ्याचे शेणाचे घर, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी, सात शेपट्यांचा उंदीर. नात ऐकत होती की नाही हे कळायला मार्ग नव्हता, पण ती उठून जात नसे.

शेजारच्या घरात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी राहतात. पाऱ्यातील मुले त्यांना ‘डोकरीदाई’ म्हणतात. मराठीत ‘डोकरी’ म्हटले तर कोणी रागावेल. छत्तीसगढीत मात्र डोकरीदाई म्हणजे आजी, आणि त्यात माया आहे. त्यांना मराठी येत नाही, माझ्या आईला छत्तीसगढी येत नाही, आणि दोघींची हिंदी बाजारहाटापुरती. तरीही आठ दिवसांत डोकरीदाई आपल्या ओट्यावरून आमच्या ओट्यावर आल्या आणि आईला ‘बहिनी’ म्हणू लागल्या. मग एक गोष्ट मराठी, एक छत्तीसगढी असा क्रम पडला. गल्लीतली पाच-सहा मुलेही येऊन बसू लागली. मराठी गोष्ट मुलांना कितपत समजत असेल, अशी शंका मला होती. आईचे म्हणणे असे की चिमणी आणि कावळा हाताने दाखवता येतात, आणि दार वाजवण्याचा आवाज सर्व भाषांत एकच आहे.

छत्तीसगढीत गोष्टीला ‘कहनी’ म्हणतात. आपल्या श्रावणातील कहाणीची ही सख्खी बहीण. कहनी सांगण्याचा एक नियम आहे. ऐकणाऱ्याने अधूनमधून ‘हूं’ म्हटले पाहिजे. याला ‘हुंकारू’ देणे म्हणतात. हुंकारू थांबला की सांगणाऱ्याने थांबायचे, कारण समोरचा एकतर झोपला आहे किंवा त्याचे मन दुसरीकडे गेले आहे. हा केवळ बायकामुलांचा रिवाज नव्हे. २०१९ साली पद्मविभूषणाने गौरवलेल्या तीजनबाईंमुळे जी पंडवानी जगाला ठाऊक झाली, तिच्यातही मुख्य गायकाच्या जोडीला ‘रागी’ असतो आणि हुंकारू देत तो कथा पुढे नेतो. आपल्याकडेही गोष्ट ऐकताना हुंकार भरण्याची पद्धत होतीच. आपण ती विसरलो, एवढेच.

एका दुपारी डोकरीदाई दाण्याची गोष्ट सांगत होत्या. उत्तर भारतात घरोघरी सांगितली जाणारी ही साखळीकथा. चिमणीचा दाणा लाकडाच्या खुंटात अडकतो. सुतार खुंट फोडत नाही, म्हणून ती राजाकडे जाते. राजा सुताराला रागवत नाही, म्हणून राणीकडे. मग साप, काठी, आग, पाणी, हत्ती अशी ती दारोदार फिरते आणि प्रत्येक जण नाही म्हणतो. (कर्जाचे प्रकरण घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरणारा ग्राहक मला इथे हटकून आठवतो.) डोकरीदाई हत्तीपर्यंत आल्या, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बर्फगोळेवाल्याची घंटा वाजली आणि मुलांचे लक्ष तिकडे गेले. हुंकारू तुटला. नियमाप्रमाणे डोकरीदाई थांबल्या. क्षणभर शांतता झाली, आणि आईच्या पदराआडून बारीक आवाज आला, “हूं.”

मी त्या वेळी शाखेत होतो. संध्याकाळी आईने हे सांगितले तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षा खालचा होता. ब्राह्मणपाऱ्यात आमच्या कन्येने उच्चारलेला हा पहिला शब्द, आणि तो धड कुठल्याही एका भाषेतला नव्हता. त्यानंतर मुंगी आली, हत्तीच्या कानात शिरायला तयार झाली आणि सगळी साखळी उलटी फिरून दाणा सुटला. कन्येने ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली म्हणे. बोटाने खूण करून नव्हे, “परत” असे म्हणून.

ऑगस्टच्या अखेरीस पाऱ्यातील बायकांनी खमरछठ केली. मुलांच्या आयुरारोग्यासाठी आयांनी करावयाचे हे व्रत. अंगणात खणून ‘सगरी’ नावाचे छोटेसे तळे करतात, त्यात पाणी ओततात, काठावर काशाचे तुरे आणि पळसाच्या डहाळ्या लावतात आणि भोवती बसून सहा कहाण्या ऐकतात. नांगर न लागलेल्या जमिनीत आपोआप उगवणारा ‘पसहर’ तांदूळ त्या दिवशी खायचा. कन्येने तासभर त्या तळ्याजवळून हलण्यास नकार दिला. मोठी माणसेही खोटे खोटे तळे करून त्याला खरे मानतात, ही गोष्ट तिला विलक्षण आवडलेली दिसली. मलाही ती त्या दिवशी प्रथमच जाणवली. आपण ज्याला व्रत म्हणतो त्याचे आणि भातुकलीचे साहित्य जवळजवळ तेच आहे: माती, पाने, पाणी आणि गोष्ट.

त्यानंतर आला पोरा. हा आपला पोळाच. गंमत अशी की आईच्या पंचांगात ती श्रावणातील पिठोरी अमावास्या होती आणि डोकरीदाईंच्या हिशेबाने भादव्याची अमावास्या. दिवस एकच, २ सप्टेंबर २०२४. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, त्यांच्याकडे पौर्णिमेला, म्हणून हा फरक. दोघींनी यावर सकाळभर वाद घातला आणि दुपारी एकमेकींच्या घरी खाऊ पाठवला. ठेठरी आणि खुरमी हे इकडचे पोऱ्याचे पदार्थ. ठेठरी बेसनाची, तिखटमिठाची आणि खुरमी गुळाची, गोड.

नागपूरकर वाचकांना पोळा म्हटले की तान्हा पोळा आठवेल. लाकडी बैल सजवून मुलांनी मिरवायचा हा सण दुसऱ्या रघुजीराजांच्या काळात, १८०६ साली सुरू झाला, असे परंपरेने सांगितले जाते. छत्तीसगढात बैल मातीचा असतो. त्याला मातीचीच चाके, त्याचे नाव ‘नंदिया बइला’. तो मुलांसाठी. मुलींसाठी मातीची चूल, जाते, मडकी आणि इतर भांडी, म्हणजे ‘जाता-पोरा’. मुलाला बैल आणि मुलीला चूल ही वाटणी आजच्या काळात खटकते, आणि ती खटकावी. आमच्या गल्लीत तिचा निकाल मुलांनीच लावला. गोलबाजारातून आणलेला आमचा जाता-पोरा आणि शेजारच्या मुलाचा नंदिया बइला अर्ध्या तासात एका संसारात दाखल झाले. मुलगा दळू लागला आणि आमची कन्या बैल हाकत धान्य आणायला निघाली. बैलाला ती काय म्हणत होती ते ऐकण्यासाठी मी दाराआड उभा राहिलो. ती ‘बइला’ म्हणत होती, ‘चल’ म्हणत होती, आणि मध्येच ‘अरे, थांब ना रे’. तीन भाषा एका दोरीला बांधलेल्या.

इथे थोडे शास्त्राकडे वळतो, कारण वाणिज्य शाखेच्या माणसाला आकड्यांवाचून आणि दाखल्यावाचून समाधान नसते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ साली दिलेल्या एका व्याख्यानात काठीच्या घोड्याचे उदाहरण घेतले आहे. लहान मुलासाठी वस्तू आणि तिचा अर्थ ही एकच गोष्ट असते. काठीला घोडा म्हणताना मूल पहिल्यांदाच अर्थ वस्तूपासून सोडवून घेते. पुढे ‘क’ हे अक्षर एका आवाजासाठी उभे राहते किंवा पाच हा आकडा पाच आंब्यांसाठी उभा राहतो, तेव्हा हीच क्रिया घडत असते. छापील कागदाचा तुकडा म्हणजे पाचशे रुपये, हे मानण्यावर तर आपली सगळी संस्था उभी आहे! त्याच व्याख्यानात दोन बहिणींचा उल्लेख येतो. त्या ‘बहिणी-बहिणी’ खेळत होत्या. खऱ्या आयुष्यात बहिणीने कसे वागायचे याचा विचार त्या करत नसत, खेळात मात्र नियम काटेकोर पाळत. खोटे खोटे खेळणे म्हणजे वाटेल तसे वागणे नव्हे, तर स्वतःहून नियम स्वीकारणे.

गोष्टींच्या बाबतीत मात्र थोरामोठ्यांतही मतभेद होते. मादाम माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि इथे त्यांनी मोठे काम केले. पण अगदी लहान मुलांना परीकथा सांगण्याबद्दल त्या साशंक होत्या. मुलाला आधी खरे जग नीट हाताळू द्यावे, असा त्यांचा विचार. त्यांच्या पद्धतीने भारावून भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका याबाबतीत वेगळ्या वाटेने गेले. त्यांनी गोष्ट हेच शिक्षणाचे मोठे साधन मानले, गुजराती लोककथा मुलांच्या तोंडी बसतील अशा लिहून काढल्या आणि गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर ग्रंथही लिहिला. सात शेपट्यांचा उंदीर त्यांच्याच लेखणीतून घरोघर गेला. त्यांच्या सहवासात घडलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) हा विचार मराठीत घेऊन आल्या. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचे काम त्यांनी वाढवले, १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांमध्ये ते रुजवले. विकत घेण्याची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. बिया, शंख, पाने, खडे, माती हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, हा ताराबाईंचा विचार. आज देशभर रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातलाच.

२०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ नावाची पेटी काढली. तिच्यात खेळणी, बाहुल्या, कोडी, गोष्टींची पुस्तके आहेत. शंभर वर्षांपूर्वी भावनगरात जे सुरू झाले ते आता सरकारी परिपत्रकात आले आहे. उशीर झाला खरा, पण आपल्याला परिपत्रकांची सवय आहे.

परीकथांविरुद्ध आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते, की त्या क्रूर असतात. ही तक्रार जुनी आहे. ग्रिम बंधूंनी १८१२ साली ८६ गोष्टींचा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांतल्या काही गोष्टींत मुलांना छळणारी सख्खी आई होती. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी तिची सावत्र आई केली. आपल्या चिमणी-कावळ्याच्या गोष्टीतही काही घरांत कावळ्याला तव्याचा चटका बसतो, काही घरांत तो पावसात भिजत राहतो. माझे मत विचाराल तर गोष्टीतील भीती एका मापापर्यंत राहू द्यावी. भीती आणि सुटका या दोन्ही एकाच गोष्टीत आल्या पाहिजेत. नुसती भीती दाखवून “झोप आता” म्हणणे मात्र अन्याय आहे. आमच्या कन्येने आईला विचारले, चिमणीने दार लवकर का उघडले नाही? आई म्हणाली, बाळाला तीट लावत होती. कन्या म्हणाली, “कावळा नवीन होता ना, त्याला कोणी ओळखत नव्हतं.” आईने यावर काही उत्तर दिले नाही. त्या रात्रीपासून आमच्या घरच्या गोष्टीत चिमणी दुसऱ्याच हाकेला दार उघडते.

ब्राह्मणपाऱ्याला परीकथेसाठी दूर जावे लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. कंकाली तलावाच्या मध्यावर महादेवाचे देऊळ आहे आणि ते पाण्यात बुडालेले असते. जवळच कंकाली मठ आहे. त्याचे दार वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या दिवशी उघडते आणि आतल्या जुन्या शस्त्रांची पूजा होते. कन्येला घेऊन मी १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या गर्दीत तिथे गेलो. उरलेले ३६४ दिवस आत कोण असते, यावर तिने आणि शेजारच्या मुलाने पुढे दिवाळीपर्यंत रोज नवी गोष्ट रचली. कधी आत वाघ असे, कधी झोपलेली राणी, एकदा तर आमच्या शाखेचा सुरक्षारक्षक.

आता थोडे कारागिरीविषयी. आमच्या घरी विकतची खेळणी पुष्कळ होती. त्यांतली निम्मी नागपूरहून आलेल्या पेटीतून अजून बाहेर निघालेली नाहीत. उपयोगी पडले ते इतर सामान. काडेपेट्यांची गाडी आणि तिला बाटलीच्या झाकणांची चाके. नारळाच्या करवंटीचे तराजू. जोडीदार हरवलेल्या मोज्याला दोन बटणे शिवली की झालेली म्हातारी, जी भोपळ्याच्या गोष्टीत आजही मुख्य भूमिका करते. पळसाच्या पानांचे द्रोण तर इथे बाजारात ढिगाने मिळतात. आणि आपल्या बँकेची दिनदर्शिका! महिना संपला की पान फाडावे. जाड, गुळगुळीत कागद, मागची बाजू कोरी. राजवाड्याच्या भिंतींना याहून चांगला माल मिळणार नाही. (जुन्या पावत्या आणि व्हाउचर मात्र घरी नेऊ नयेत, त्यांची जागा अभिलेख कक्षात आहे, हे सहकाऱ्यांना सांगायला नको.) मोठ्या माणसाने यात करायचे काम फार थोडे. कात्री धरावी, गाठ मारावी आणि हातातून वस्तू काढून घेऊन “अशी नाही, अशी कर” म्हणण्याचा मोह आवरावा. मला शेवटचे अजून जमलेले नाही. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर बटणे, बिया, मणी त्याच्या हाती लागू देऊ नयेत. विकतची खेळणी घेताना मानक चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे.

नोव्हेंबरात आई वर्ध्याला परतली आणि जिन्याखालच्या जागेत बँक उघडली. दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्याची खिडकी, पळसाच्या पानांच्या नोटा, चिंचोक्यांची नाणी. कन्या शाखाधिकारी, शेजारचा मुलगा ग्राहक. त्याला बैल घेण्यासाठी कर्ज हवे होते. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असल्याचे भासवत ऐकत होतो. कन्येने त्याला हिंदीत विचारले, “आधार लाए हो?” त्याने पान दाखवले. तिने त्यावर शिक्का मारल्यासारखे केले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, “सर्व्हर डाउन है. कल आना.” हे वाक्य ती कुठे शिकली असेल याविषयी मी पत्नीशी चर्चा टाळली. दुसऱ्या दिवशी कर्ज मंजूर झाले. हप्ता रोज एक ठेठरी. चौथ्या दिवशी खाते थकले, कारण ठेठऱ्या संपल्या. वसुलीसाठी कन्या स्वतः त्यांच्या घरी गेली आणि डोकरीदाईंना छत्तीसगढीत काहीतरी सांगून वाटीभर खुरमी घेऊन आली. पुठ्ठ्यावर काळे-पांढरे चौकोन काढून तिने खिडकीला लावले होते; ज्याला पैसे द्यायचे असतील त्याने तळहात त्यासमोर धरायचा आणि तोंडाने ‘टिंग’ म्हणायचे.

शाळेतून पुन्हा सूचना आली नाही. बाईंनी वर्षअखेरीच्या भेटीत एवढेच सांगितले की आता तिला थोडे कमी बोलायला सांगा.

३० एप्रिल २०२५ ला अक्षय्य तृतीया होती. इकडे तिला ‘अक्ती’ म्हणतात. शेतीचे नवे वर्ष त्या दिवशी धरले जाते, आणि मुले मातीच्या बाहुला-बाहुलीचे, ‘पुतरा-पुतरी’चे लग्न लावतात. हळद, मांडव, वरात, वाजंत्री सारे असते. मोठी माणसेही येऊन ‘टिकावन’ म्हणजे आहेर करतात. याच मुहूर्तावर एके काळी खरीखुरी बालके बोहल्यावर चढवली जात, आणि कायद्याला अजूनही त्या दिवशी जागे राहावे लागते, हे विसरता येत नाही. लग्न मातीच्याच मुलांचे लागावे. आमच्या ओट्यावर वरपक्ष छत्तीसगढी आणि वधूपक्ष मराठी होता. आईने वर्ध्याहून भ्रमणध्वनीवर मंगलाष्टके म्हटली. डोकरीदाईंनी मान डोलावली आणि प्रत्येक कडव्यानंतर हुंकारू दिला.

एका गोष्टीचे ऋण सांगायचे राहिले. कंकालीजवळच्या आनंद समाज या जुन्या वाचनालयाने मला माधवराव सप्र्यांकडे वळवले. हे मराठी घरात जन्मलेले गृहस्थ (१८७१–१९२६). १९०० साली पेंड्राहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि समर्थांचा दासबोध व टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. १९०१ साली त्यांनी लिहिलेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतील पहिल्या कथांपैकी एक मानली जाते. जमीनदार एका गरीब म्हातारीची झोपडी बळकावतो. झोपडी गेल्यापासून तिची नात जेवत नाही. आपल्या घरी चल, तिथे जेवीन, असा तिचा हट्ट. म्हातारी जमीनदाराकडे टोपलीभर माती मागते: त्या मातीची चूल करीन, तिच्यावर रांधीन, म्हणजे पोर खाईल. मग ती त्यालाच टोपली उचलून द्यायला सांगते, आणि ती त्याच्याच्याने उचलत नाही. एका टोपलीचा भार सोसवत नाही, तर साऱ्या झोपडीचा भार जन्मभर कसा वाहणार, असे ती विचारते. त्याचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो.

ही गोष्ट मोठ्यांसाठी लिहिलेली. वाचून झाल्यावर मी बराच वेळ त्या नातीचाच विचार करत होतो. त्या रात्री कन्येला ती मी माझ्या भाषेत सांगितली. तिने सबंध वेळ नीट हुंकारू दिला आणि शेवटी विचारले, “मग चुलीवर काय केलं?” मी म्हणालो, भाकरी. तिला ते पटले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी तिने अंगणातल्या कुंडीतली माती उकरून प्लास्टिकच्या टोपलीत भरली, डोक्यावरून ओढणी घेतली आणि टोपली माझ्यापुढे ठेवली. “बाबा, उचला.” मी उचलली. तिने कपाळाला हात लावला.

“असं नाही हो! तुम्हाला उचलता यायला नको. खाली ठेवा. परत.”

मी टोपली खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि पुन्हा वाकलो.